करंट देण्यापूर्वी

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या बाई फिजिओथेरपीकडे वळल्या तेव्हा हे शास्त्र आपल्याकडे अगदी नवं होतं. पोलिओने मुलांचे पाय लुळे पडत होते आणि त्या मुलांसाठी शिकलेले हात हवे होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पुढे १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. बाईंची पिढी पोलिओच्या पायांवर आपलं काम शिकली आणि विजेच्या उपचाराची मर्यादाही तिला त्याच पायांनी दाखवली. आज मी त्या मर्यादेविषयी बोलणार आहे, आणि त्या मर्यादेच्या आत वीज किती मोठं काम करू शकते याविषयीही.

फिजिओथेरपीच्या कुठल्याही विभागात गेलात तर ‘शेक आणि करंट’ हे शब्द जोडीनेच कानावर पडतात. रुग्ण विचारतो, “करंट किती दिवस घ्यावा लागेल?” नातेवाईक म्हणतात, “जरा जास्त सोडा ना, लवकर बरं वाटेल.” या बोलण्यामागे एक समजूत आहे: यंत्रातून शक्ती निघते, तारेतून शरीरात उतरते आणि अशक्त स्नायूत भरली जाते. ही समजूत दूर व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तिच्यामुळे रुग्ण स्वस्थ पडून राहतो आणि पुष्कळदा उपचार करणाराही पॅड लावून दुसऱ्या पलंगाकडे निघून जातो. पॅडखाली स्नायू आकसतो तेव्हा त्या आकसण्याला लागणारी ऊर्जा स्नायूच्या स्वतःच्या साठ्यातली असते. बाहेरची वीज केवळ ठिणगी टाकते. पुढे काय घडणार हे तिथला मज्जातंतू जिवंत आहे की नाही यावर अवलंबून असतं, आणि रुग्ण त्या क्षणी स्वतः काय करू पाहतो आहे यावरही.

मज्जातंतूच्या आवरणापासून सुरुवात करू. विश्रांतीत असलेल्या तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. आकडा किरकोळ वाटेल. पण ते आवरण जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं आहे. त्या जाडीचा हिशेब केला तर दर सेंटीमीटरला जवळजवळ एक लाख व्होल्टचा ताण निघतो. आपले मज्जातंतू जन्मभर या ताणाखाली सज्ज उभे असतात. त्वचेवर ऋण इलेक्ट्रोड ठेवून प्रवाह सोडला की त्याच्याखालच्या तंतूचा आतबाहेरचा फरक कमी होतो. तो साधारण १५ मिलिव्होल्टने घटला की आवरणातल्या सोडिअमच्या वाहिन्या एकदम उघडतात, सोडिअम आत शिरतो आणि आवेग जन्माला येतो. ऋण ध्रुव तंतूला जागं करतो आणि धन ध्रुव त्याला दाबतो, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ एडुआर्ड फ्ल्यूगर यांनी १८५९ सालीच नोंदवून ठेवलं होतं. तसं का होतं हे कळायला मात्र १९५२ साल उजाडावं लागलं. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री जीवाच्या जाड तंतूवर प्रयोग करून सोडिअम-पोटॅशिअमच्या हालचालीचं गणित मांडलं, आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं.

हा आवेग एकदा उठला की स्वतःच्या बळावर धावतो. जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला ५०-६० मीटर असतो. यंत्राचं बटण आणखी फिरवलं तरी त्या एका तंतूतला आवेग मोठा होत नाही. होतं इतकंच, की आणखी तंतू उठतात. आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे तिचं मोठं काम आहे. मेंदूकडून निघालेला आवेग एकाच दिशेने, स्नायूकडे जातो. तंतूच्या मध्येच विजेने उठवलेला आवेग मात्र दोन्ही दिशांना धावतो: खाली स्नायूकडे आणि उलट वर, मज्जारज्जूकडे.

खाली गेलेला आवेग तंतूच्या टोकाशी पोचतो, तिथे अॅसिटिलकोलिन हे रसायन सुटतं, स्नायूपेशीत कॅल्शिअम मोकळं होतं आणि स्नायू आकसतो. मज्जारज्जूतली एक चालक पेशी एका धाग्यावर थांबत नाही. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूत तिच्या ताब्यात दहाएक धागे असतात, तर पोटरीत हजाराच्या वर. म्हणून पोटरी मोठ्या झटक्याने उडते, आणि डोळ्याला पुस्तकाच्या ओळीवर अक्षरा-अक्षराने सरकता येतं.

इतिहासातलं बेडकाचं प्रकरण तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानींनी १७९१ साली ‘प्राण्यांच्या अंगातली वीज’ मांडली, पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टांनी ती वीज दोन वेगळ्या धातूंची आहे असं ठणकावलं आणि त्या वादातून १८०० साली विद्युतघट तयार झाला. दोघांनाही सत्याचा एकेक भाग सापडला होता. मला त्यांच्यापेक्षा अधिक जिव्हाळा वाटतो तो गियोम द्युशेन यांच्याविषयी. उत्तर फ्रान्समधल्या बुलोन या बंदराच्या गावचा हा डॉक्टर १८४२ साली पॅरिसला आला. कुठल्याही रुग्णालयात त्याला पद नव्हतं. फॅरेडेच्या १८३१ सालच्या शोधावर आधारलेलं प्रवर्तन-वेटोळ्याचं यंत्र घेऊन तो वॉर्डावॉर्डांतून फिरे आणि लुळ्या पडलेल्या माणसांशेजारी तासन् तास बसे. त्याच्या आधी वीज द्यायची म्हणजे अंगभर धक्का द्यायचा किंवा त्वचेत सुया टोचायच्या. द्युशेन यांनी इलेक्ट्रोड ओले करून त्वचेवर टेकवले आणि त्यांना दिसलं, की अशा रीतीने त्वचेखालचा एकेक स्नायू वेगळा हलवता येतो. १८५५ साली त्यांचा ग्रंथ आला. पुढे बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांनी दाखवलं, की द्युशेनना ज्या जागी सर्वांत चांगला प्रतिसाद मिळत होता त्या मज्जातंतू स्नायूत शिरण्याच्या जागा आहेत. ह्यूगो फॉन झीमसेन यांनी १८५७ साली त्यांचे नकाशे काढले. आज आमच्या विद्यार्थिनी ज्या बिंदूंवर पेनासारखा इलेक्ट्रोड टेकवतात, ते हेच बिंदू.

द्युशेन यांच्या कामातून एक गोष्ट मी कायम घेत आले आहे. वीज त्यांच्या हातात आधी प्रश्न विचारण्याचं साधन होती. हा स्नायू उत्तर देतो का? कसं देतो? पटकन की रेंगाळत? उपचार त्यानंतर यायचा. आपल्या घाईत हा क्रम उलटा झाला आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर ज्या रेघेतून मिळतं ती प्रवाहाची ताकद आणि कालावधी यांची. लुई लापिक यांनी १९०९ साली तिला मोजमापाचं रूप दिलं. झटका जितका लहान तितकी त्याची ताकद जास्त लागते. झटका पुरेसा लांब असला तर ज्या किमान प्रवाहाने प्रतिसाद मिळतो त्याला ऱ्हिओबेस म्हणतात, आणि त्याच्या दुप्पट प्रवाह दिला असता झटका किती वेळाचा लागतो त्याला क्रोनॅक्सी. निरोगी चालक मज्जातंतूची क्रोनॅक्सी एक मिलिसेकंदाच्याही आत असते. स्नायूच्या धाग्याचं आवरण त्यामानाने फार मंद आहे. मज्जातंतू मेलेला असेल तर स्नायूला थेट उठवावं लागतं, आणि मग दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. साध्या फॅरॅडिक यंत्राचा झटका एक मिलिसेकंदाचा किंवा त्याहून लहान असतो. मज्जातंतू तुटलेल्या स्नायूला तो जाणवतच नाही. बटण कितीही फिरवा, रुग्णाची त्वचा भाजेल, शेजारचे निरोगी स्नायू उडतील, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो स्नायू ढिम्म राहील. त्याला शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा, तुटक दिलेला थेट प्रवाह लागतो, आणि त्यालाही तो गांडुळासारखा हळूहळू वळत उत्तर देतो. जर्मन डॉक्टर एर्ब यांनी १८६८ साली या बदललेल्या प्रतिसादाचं वर्णन केलं. एकदा पाहिलेली ती मंद हालचाल विसरता येत नाही.

म्हणून करंट सुरू करण्यापूर्वी ही रेघ काढावी, हा बाईंचा आग्रह होता. तीही केव्हा काढायची याला नियम आहे. मज्जातंतू तुटल्यावर त्याचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. काही दिवस तो झटक्याला नेहमीसारखा प्रतिसाद देत राहतो. त्या दिवसांत तपासलं तर सगळं ठीक आहे असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी तपासलं की खरी परिस्थिती समोर येते.

चेहऱ्याच्या लकव्यात या सगळ्याचा कस लागतो. माणूस सकाळी चूळ भरायला जातो आणि ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळतं, एक डोळा मिटत नाही, हसताना तोंड वाकडं होतं. घरचे घाबरून जातात आणि दुसऱ्याच दिवशी करंट सुरू करा म्हणून आग्रह धरतात. यातल्या बहुतेक रुग्णांत मज्जातंतू तुटलेला नसतो. कानामागच्या अरुंद हाडाच्या नळीत तो सुजून दाबला गेलेला असतो. कोपनहेगनचे एरिक पायटर्सन यांनी उपचार न घेतलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा सुमारे ७१ टक्के लोक पूर्ण बरे झाले. पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइड सुरू केलं तर हे प्रमाण आणखी वाढतं. तेव्हा त्या पहिल्या तीन दिवसांत रुग्णाने आमच्या विभागाआधी डॉक्टरकडे जावं, आणि न मिटणाऱ्या डोळ्याला थेंब घालून रात्री तो झाकून ठेवावा. सुरुवातीच्या दिवसांत विजेने चेहरा लवकर बरा होतो असं म्हणायला भक्कम पुरावा नाही. रुग्ण बरा होतो आणि श्रेय यंत्राला मिळतं, हे मला बोचतं, कारण त्याच घरात पुढच्या वेळी खऱ्या पक्षाघाताला करंटची वाट पाहत मोलाचे तास जाऊ शकतात.

आता पोलिओकडे येते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या चालक पेशीच मारतो. पेशी मेली की तिचा तंतू गेला, आणि तंतू गेला की त्या धाग्यांशी बोलणारं कोणी उरलं नाही. अशा स्नायूला वर्षभर करंट दिला तरी मेलेली पेशी परत येत नाही. काही मुलांच्या पायात बळ आलं ते वाचलेल्या शेजारच्या पेशींमुळे. त्यांनी आपल्या तंतूंना नवे फाटे फोडले आणि अनाथ धाग्यांना आपल्या पदरी घेतलं. एकेका पेशीवरचा भार अनेक पट वाढला. पुढे चाळिशी-पन्नाशीत त्याच माणसांना नवी अशक्तता आली, ती या वाढीव भाराने पेशी थकल्यामुळे, असं आज मानलं जातं. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पूर्वी पोलिओ झालेली माणसं आज आपल्यात आहेत, थकलेले पाय घेऊन आमच्याकडे येतात, आणि त्यांना जोराचा करंट देऊन स्नायू दमवणं चूक आहे.

मज्जातंतू शाबूत आहे पण स्नायू वापराअभावी बारीक झाला आहे, अशा रुग्णांत वीज खरी कामाला येते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस मांडीचा पुढचा स्नायू आवळायला जातो आणि तो आवळलाच जात नाही. गुडघ्यातली सूज मज्जारज्जूतल्या चालक पेशींना दाबून ठेवते. इथे वीज ती अडवणूक ओलांडून थेट तंतूला उठवते. पण विजेने उठवलेलं आकुंचन आणि मनाने केलेलं आकुंचन यांत मोठा फरक आहे. आपण स्वतः हात उचलतो तेव्हा आधी लहान, न थकणाऱ्या चालक पेशी कामाला लागतात, वजन वाढलं तर मोठ्या येतात. हा क्रम एलवुड हेनेमन यांनी दाखवून दिला. शिवाय त्या सगळ्या एकाच क्षणी धावत नाहीत. वारीत पालखीचे भोई आळीपाळीने खांदा बदलतात आणि पालखी न थांबता पुढे जाते, तसं हे चालतं. विजेखाली खांदा बदलायला कोणी नसतं. इलेक्ट्रोडजवळचे, विशेषतः जाड तंतू प्रत्येक झटक्याला सगळेच्या सगळे एकदम उठतात आणि तेच पुन्हा पुन्हा उठतात. मेंदू सेकंदाला दहा-वीस आवेगांत जे आकुंचन सलग ठेवतो, त्यासाठी यंत्राला तीस ते पन्नास झटके द्यावे लागतात. स्नायू झपाट्याने दमतो. म्हणून ताकद वाढवायची असेल तर दहा सेकंद आकुंचन आणि पन्नास सेकंद विश्रांती, असं प्रमाण ठेवतात. सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोट्स यांच्या पद्धतीमुळे ते जगभर पसरलं. ताकद वाढल्याचे त्यांचे मोठे आकडे नंतरच्या अभ्यासांत तसेच्या तसे मिळाले नाहीत, पण विश्रांतीचं महत्त्व टिकून राहिलं.

मात्रेविषयी एक अभ्यास आमच्या व्यवसायाने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या लिन स्नायडर-मॅक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या ११० रुग्णांना गटांत विभागलं. ज्यांना जोरदार, सोसेल तितक्या तीव्रतेची वीज दिली त्यांच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ७० टक्क्यांवर पोचली. ज्यांनी नेटाने स्वतः व्यायाम केला त्यांची ५७ टक्के, आणि घरच्या छोट्या, कमी ताकदीच्या यंत्रावर अवलंबून राहिलेल्यांची ५१ टक्के. मुंग्या येतील इतकाच करंट घेऊन वीस मिनिटं पडून राहणाऱ्याला मुंग्यांइतकाच फायदा होतो. स्नायू डोळ्यांना दिसेल असा आवळला गेला पाहिजे.

दुखणं कमी करण्याच्या यंत्राचं मात्र उलट आहे. तिथे मुंग्याच हव्यात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले तर मज्जारज्जूच्या पहिल्याच पायरीवर वेदनेचा मार्ग अरुंद होतो. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी १९६७ साली त्याची परीक्षा पाहिली, तीही आधी स्वतःच्या चेहऱ्यातल्या मज्जातंतूवर. सेकंदाला ऐंशी-शंभर लहान झटके दिले की यंत्र चालू असेपर्यंत वेदना बोथट होते. बंद केल्यावर हा परिणाम फार काळ टिकत नाही आणि रोज तेच दिलं तर शरीर सरावतं. कंबरदुखीच्या रुग्णाला ते चालायला, वाकायला, व्यायामाला मोकळीक मिळवून देत असेल तर जरूर वापरावं. त्या मोकळ्या वेळात तो पलंगावर आडवाच राहिला तर हाती काही लागत नाही.

स्नायू विजेने किती खोलवर बदलू शकतो, हे गेर्टा व्हर्बोव्हा या संशोधक बाईंनी दाखवलं. स्लोव्हाकियातल्या त्र्नाव्हाच्या एका ज्यू घरात १९२६ साली त्यांचा जन्म झाला. नाझींच्या हातून निसटून त्यांनी प्राग इथे वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १९५८ साली दोन लहान मुलांना घेऊन त्या देशाबाहेर पडल्या. पुढचं काम इंग्लंडमध्ये केलं. १९६० साली बुलर, जॉन एक्लस आणि त्यांची कन्या रोझमंड यांनी मांजरात वेगवान आणि मंद स्नायूंच्या मज्जातंतूंची अदलाबदल केली होती, आणि स्नायूंचे स्वभाव बदलले होते. मज्जातंतूतून एखादं रसायन झिरपतं म्हणून हे होतं, की आवेगांच्या लयीमुळे? स्टॅनली सामन्स आणि व्हर्बोव्हा यांनी १९६९ साली याला उत्तर दिलं. सशाच्या वेगवान स्नायूच्या मज्जातंतूला त्यांनी शरीरात बसवलेल्या छोट्या यंत्रातून सेकंदाला दहा झटके आठवडेच्या आठवडे दिले. वेगवान स्नायू मंद आणि चिवट झाला. काही दिवसांत केशवाहिन्या वाढतात, मग पेशीतली ऊर्जाकेंद्रं, आणि काही आठवड्यांनी आकुंचनाची मूळ प्रथिनंच बदलतात. वीज थांबवली की सगळं हळूहळू मागे फिरतं. चिवटपणा मिळतो तेव्हा स्नायू थोडा बारीक आणि दुबळाही होतो, ही किंमत त्यासोबत येते.

या शोधाने एक मोठी आशा उभी केली. पॅरिसचे शल्यविशारद अलँ कार्पांतिए यांनी १९८५ साली रुग्णाच्या पाठीचा स्नायू सोडवून हृदयाभोवती गुंडाळला आणि असं शिक्षण देऊन त्याच्याकडून हृदयाला हात द्यायचं काम करून घेतलं. ती शस्त्रक्रिया पुढे मागे पडली, कारण मिळालेला आधार अपेक्षेइतका नव्हता. पण स्नायूला शिकवता येतं आणि शिकवायला आठवडे लागतात, हे त्यातून पक्कं झालं.

आता त्या उलट दिशेने धावणाऱ्या आवेगाकडे वळते. १९६१ साली अमेरिकेत व्लादिमिर लिबरसन यांनी अर्धांगवायू झालेल्या रुग्णांसाठी एक साधं यंत्र केलं. अशा माणसाचा पंजा लोंबतो, चालताना पाय फरफटतो, अंगठा उंबऱ्याला अडतो. लिबरसन यांनी बुटाच्या टाचेत स्विच बसवला. टाच उचलली की गुडघ्याखालच्या मज्जातंतूला वीज मिळे आणि पंजा वर येई, टाच टेकली की वीज बंद. माणूस अडखळायचा थांबला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. काही रुग्णांना यंत्र काढून ठेवल्यावरही काही काळ पंजा स्वतःहून वर घेता येत होता.

हे कसं झालं? लंडनचे डेव्हिड रश्टन यांनी २००३ साली एक उपपत्ती मांडली, आणि ती मला फार पटते. विजेने उठलेला उलटा आवेग मज्जारज्जूतल्या चालक पेशीपर्यंत पोचतो. त्याच क्षणी मेंदूतून “पाय उचल” असा क्षीण संदेश त्या पेशीजवळ येत असेल, तर दोन्ही एकत्र आल्याने तो जोड घट्ट होतो. रुग्ण भिंतीकडे पाहत पडून असेल तर उलटा आवेग एकटाच येतो आणि विरून जातो. म्हणून पक्षाघाताच्या रुग्णाचं मनगट विजेने उचलत असताना “आता तुम्ही पण उचला, काका” असं प्रत्येक आकुंचनाला म्हणत शेजारी उभं राहणं हा उपचाराचा गाभा आहे. गर्दीच्या विभागात एका वेळी सहा रुग्णांना पॅड लावून हे करता येत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. मग सहांऐवजी दोघांना लावावं.

उलट्या आवेगाचा दुसरा पुरावा कॅनडातल्या टेसा गॉर्डन यांच्या कामात आहे. तुटलेला मज्जातंतू शिवल्यावर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापाशी तुटला तर तळहातापर्यंत पोचायला दहा महिने जातात, आणि तोवर हाताचे बारीक स्नायू वाट पाहून झिजतात. २००० साली गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी उंदरांत शिवलेल्या मज्जातंतूला सेकंदाला वीस झटके, फक्त एक तास, एकदाच दिले. ज्या तंतूंना शिवण ओलांडून योग्य मार्गाला लागायला आठ-दहा आठवडे लागत ते तीन आठवड्यांत पार झाले. आवेग वर जाण्याचा मार्ग औषधाने रोखला तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे तो तास मज्जारज्जूतल्या पेशीसाठी होता. तिने वाढीला लागणारी प्रथिनं लवकर बनवायला घेतली. मनगटात दबलेल्या मज्जातंतूच्या ऑपरेशननंतर माणसांतही हे तपासलं गेलं आणि तंतूंची पुनर्वाढ लवकर झालेली दिसली. हाताच्या शल्यविशारदांशी आपण या तासाविषयी बोलायला हवं.

सावधगिरीचं थोडक्यात सांगते. पेसमेकर असलेल्याला हृदयतज्ज्ञाच्या संमतीशिवाय कुठलंही यंत्र लावू नये. मानेच्या पुढच्या बाजूला, गर्भवतीच्या पोटावर, कर्करोगाच्या गाठीवर, रक्ताची गुठळी झालेल्या पायावर वीज नको. एकाच दिशेचा प्रवाह जास्त वेळ दिला तर पॅडखाली आम्ल-अल्कली तयार होऊन त्वचा जळते, म्हणून पाणी, कापड आणि वेळ यांची काळजी घ्यावी. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांबाबत मला सर्वांत जास्त भीती वाटते. तिथे रुग्ण “चटका बसतोय” असं सांगू शकत नाही. आधी थंड-गरम आणि टोचणी तपासावी, मगच पॅड लावावा.

शेवटी स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं काम. ग्रेगुआर कुर्टिन आणि शल्यविशारद जोसलिन ब्लोक यांच्या गटाने २०१८ साली तीन पुरुषांची हकिकत प्रसिद्ध केली. मानेतल्या मज्जारज्जूला इजा होऊन त्यांना वर्षं लोटली होती. त्यांच्या कमरेच्या भागात मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवले होते. ही वीज पायाचे चालक तंतू थेट उठवत नाही. सांधे आणि स्नायू यांची खबर मज्जारज्जूत आणणारे संवेदी तंतू ती जागे करते, आणि तेच चालक पेशींना चेतवतात. वीज सतत चालू ठेवली तेव्हा माणसांत एक अडचण आली. उलटे धावणारे आवेग पायाकडून वर येणाऱ्या खऱ्या खबरेला वाटेतच गाठून विझवत होते. उंदरांत हे फारसं होत नाही, कारण त्यांचे तंतू आखूड असतात. मग त्या गटाने वीज तुकड्या-तुकड्यांत द्यायला घेतली: पाऊल उचलायच्या क्षणी उचलणाऱ्या स्नायूंच्या जागी, टेकायच्या क्षणी टेकवणाऱ्यांच्या. आठवड्याभरात तिघे शरीराचं वजन पेलणाऱ्या आधाराने चालू लागले. वीज चालू असतानाही पाय त्यांच्या इच्छेविना पुढे पडत नव्हता, प्रत्येक पाऊल त्यांनी स्वतः घ्यायचं होतं. काही महिन्यांच्या रोजच्या सरावानंतर, पूर्वी जे स्नायू मुळीच हलत नव्हते त्यांतले काही त्यांना यंत्र बंद असतानाही हलवता आले.